सीपीएल यूव्ही फिल्टरवर घट्ट बसलाय, निघतच नाहीये! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या १८-१४० मिमी लेन्सवर यूव्ही फिल्टर (पुढची काच जपायला) कायम असतो. मागच्या रविवारी हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर ओल्या कातळाची चमक घालवायला त्या यूव्हीवरच सीपीएल (चमक कापणारा पोलरायझर फिल्टर) चढवला. लाटांचे तुषार अंगावर येत होते, तसे कॅमेऱ्यावरही आले. टी-शर्टला पुसून बॅग बंद केली (हो, माहितेय, घाला शिव्या). घरी येऊन बघतो तर दोन्ही फिल्टर जाम. पंचाईत अशी की सीपीएलची पुढची रिंग फिरण्यासाठीच असते. कितीही पिळा, ती नुसती गोल फिरते. मागची रिंग धरायला जेमतेम दोन-तीन मिमी जागा. शेजारचे काका पक्कड घेऊन आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

काचेवर मिठाचा पांढरट थर आहे. नळाखाली धरू का? शनिवारी कासला जायचंय, बुकिंग झालंय.

प्रतिसाद १

पक्कड टाळलीत ते उत्तम. पातळ रिंग दोन बाजूंनी दाबली की किंचित लंबगोल होते आणि आटे आणखी आवळतात. आधी यूव्हीसकट दोन्ही फिल्टर लेन्सवरून उतरवा, म्हणजे जोर लेन्सवर येणार नाही. मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन बारीक पट्ट्या कापा. एक यूव्हीच्या रिंगला, दुसरी सीपीएलच्या मागच्या रिंगला गुंडाळा. पाचही बोटांनी सगळीकडून सारखं, हलकं धरून फिरवा. जोर लावलात की बसलाच.

प्रतिसाद २

सुटा झाल्यावर यूव्ही नळाखाली धरा, सीपीएल अजिबात नको. त्याच्या दोन काचांमध्ये फिल्म असते, कडेने पाणी शिरलं तर डाग कायमचा. आधी ब्लोअर (हाताने दाबायचा हवेचा फुगा) मारा. मग मायक्रोफायबरचं कापड डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करून नुसतं टेकवत राहा, मीठ विरघळू द्या. घासायचं नाही. लिक्विड कापडावर घ्यायचं, काचेवर नाही.

कासला यूव्ही घरी ठेवा. दोन्ही चढवले की १८ मिमीवर कोपरे काळे येऊ शकतात. ढगाळ हवेतही सीपीएलने ओल्या पाकळ्यांवरची चमक जाऊन रंग खुलतो, पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पठारावर वारा असतो, फुलं डोलतात, तेव्हा शटर वेगवान ठेवायला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायला लाजू नका.

धागाकर्ता

निघाला!! ट्यूब पंक्चरवाल्याने फुकट दिली. आट्यांत वाळूचे दोन कण होते. सीपीएलवर केसाएवढा ओरखडा राहिलाय, टी-शर्टची कृपा. भिंतीचा फोटो काढून बघितला, दिसत नाही. खिडकीकडे, उन्हाच्या दिशेने धरला की मात्र एक पुसट रेघ चमकते. कासला ऊन पाठीशी ठेवेन.