सातव्या मजल्यावरचं आग्या मोहोळ : फवारणीला माझा विरोध का आहे

जास्वंदी

आमची सोसायटी पुण्यात बावधनला. ए विंगच्या सातव्या मजल्यावर, बाल्कनीच्या स्लॅबखाली, दिवाळीनंतर आग्या मोहोळ बसलं. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि पोळं दोन हात रुंद झालंय. रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं की पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून रात्री फवारून टाकायचं. साडेतीन हजार रुपये आणि दहा मिनिटांचं काम. विरोध माझा एकटीचा होता. तिथे कुणी नीट बोलू दिलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मागच्या वर्षी याच बाल्कनीखाली हेच केलं होतं. सकाळी पार्किंगमध्ये माश्यांचा खच पडला होता. वॉचमनदादांची बायको ते झाडून पोत्यात भरत होती, तर तिच्या पायाला दोन डंख बसले. अर्धमेल्या माशीचाही काटा चालतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अर्धं तुटलेलं पोळं वरच लटकत होतं आणि मध खाली गाड्यांवर गळत होता. दुपारपर्यंत त्या मधावर कुठून कुठून दुसऱ्या माश्या आल्या, अगदी बारीक फुलोरीसुद्धा, आणि त्या तिथेच पडत राहिल्या. एक लहान मुलगा बोनेटवरचा मध बोटाने चाटायला निघाला होता, आजीने वेळेत हात ओढला म्हणून बरं.

एवढं करून यंदा मोहोळ पुन्हा त्याच जागी आलं. मग त्या फवारणीने मिळवलं काय?

माझं म्हणणं एवढंच की आग्या माश्या पावसाळा संपला की येतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की आपण होऊन उठतात. तीन-चार महिने कळ काढू. खिडक्यांना जाळ्या लावू, रात्री त्या बाजूचे दिवे बंद ठेवू.

सातवा मजला

ती बाल्कनी माझी आहे. जास्वंदीताई, तुमचं मन मला कळतं, पण "कळ काढू" यातली कळ कुणाला लागणार आहे तेही बघा.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी गावी त्याला एकच माशी चावली. पाच-सात मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घरघरायला लागला. तालुक्याच्या दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिन दिलं तेव्हा तो सावरला. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की पुढचा डंख याहून जड जाऊ शकतो. त्या मुलाच्या खोलीच्या खिडकीपासून पोळं चार फुटांवर आहे.

तीन महिने बाल्कनीचं दार उघडलेलं नाही. कपडे हॉलमध्ये दोरीवर वाळतात. एक्झॉस्ट फॅनची फट मी पुठ्ठा आणि चिकटपट्टीने बुजवली, तरी संध्याकाळी ट्यूब लावली की कुठून तरी एखादी आत येतेच आणि दिव्याला आपटत राहते. मग मुलाला आतल्या खोलीत कोंडायचं आणि मी झाडू घेऊन उभी. त्याचा अभ्यास अंधारात होत नाही, त्यामुळे दिवे बंद ठेवा हे सांगणं सोपं आहे. मला जूनपर्यंत थांबता येणार नाही.

गच्चीकर

सातव्या मजल्याशी पूर्ण सहमत. माणसाच्या जिवापुढे कीटक नाही. एका जागी हजारो माश्या आणि खाली मुलांची खेळायची जागा, असं असताना उद्या काही झालं तर कमिटीलाच धरणार. पेस्ट कंट्रोलवाला निदान पावती देतो.

दुर्गवाट

वीस वर्षं गड चढतोय. शिवनेरीवर लोकांवर माश्या तुटून पडल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो. जिथे मी स्वतः सापडलो, तिथे दोन्ही वेळा आगळीक माणसाची होती. एकदा कुणीतरी दगड मारला होता आणि एकदा कड्याखाली चूल पेटवली होती. आपण होऊन आग्या माशी अंगावर येत नाही. पोळ्याकडे लांबून बघा, गांधीलमाशी जवळ आली की सगळ्या माश्या एकापाठोपाठ पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. तो त्यांचा इशारा आहे. ती लाट दिसली की आपण मागे सरायचं.

गच्चीकर

गडावरून मागे सरता येतं, घरातून मागे सरून जायचं कुठे? आणि आगळीक माणसानेच करायला हवी असंही नाही. आमच्या जुन्या सोसायटीत मोहोळघारीने पोळ्यावर झडप घातली होती. घार पोळ्याचा तुकडा घेऊन उडाली आणि माश्या खाली भाजीच्या टेम्पोभोवती उभ्या असलेल्या बायकांवर उतरल्या. त्यात कुणाची चूक होती? संक्रांतीचा मांजा अडकला तरी तेच होणार.

पेटीवाला

मी मुळशीकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. शिक्षण पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत झालं. बोलावणं आलं की मोहोळ काढायलाही जातो. दोन्ही बाजूंचं वाचून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिलं म्हणजे माशी कोणती ते ओळखा. भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या खोक्यात, जुन्या कपाटात एकाशेजारी एक अशी पाच-सात पोळी असतील तर ती सातेरी. ती राणीसकट उचलून पेटीत बसवता येते, पोळी चौकटीला केळीच्या सोपटाने बांधून. ते खरं स्थलांतर. कुंडीतल्या फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी, तिला हात लावायचं कारणच नाही. आणि पोळं नाही, नुसता माश्यांचा घोस लटकलाय, तर तो वाटेत विसाव्याला बसलेला थवा असतो. दोन-चार दिवसांत आपणच जातो. अशा थव्यावर फवारा मारलेला मी पाहिलाय, आणि फार वाईट वाटलं होतं.

आग्या माशी मात्र पेटीत राहत नाही. तिला उघड्यावरचं एकच मोठं पोळं लागतं. त्यामुळे "आम्ही आग्या मोहोळाचं सुरक्षित स्थलांतर करतो" असं कुणी सांगितलं तर तो फसवतोय. आम्ही धुरी देऊन माश्या उठवतो आणि पोळं कापतो. उडत्या माश्या वाचतात आणि दुसरीकडे नवं पोळं बांधतात. पण पोळ्यातली अंडी, अळ्या, कोष मरतात. जास्वंदीताई, बिनविषारी पद्धतीतही हे होतंच, ते लपवून मी काम घेत नाही.

वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने मध काढणाऱ्यांना शिकवलं, की पोळ्याचा मधाचा जाड भाग तेवढा कापायचा आणि अळ्यांचा भाग लटकता ठेवायचा. माश्या तिथेच राहतात. मधासाठी ती पद्धत उत्तम, पण इथे माश्याच नको आहेत, तेव्हा ती इथे कामाची नाही.

म्हणून दयेची वेळ दोनदाच येते. एकदा मोहोळ बसतं त्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा पोळं तळहाताएवढं असतं आणि धुरीने माश्या सहज उठतात. नाहीतर शेवटी, त्या आपणहून गेल्यावर. तुम्ही दोन्हींच्या मधोमध आहात. बाराव्या मजल्यावरच्या टाकीखाली असतं तर मी "राहू द्या" म्हटलं असतं. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या खिडकीशी आहे, म्हणून मी काढा म्हणेन. फक्त विष नको.

आणि गच्चीकर, रात्रीच्या फवारणीत धोका कमी होतो हा समज सोडा. आग्या माशी रात्री उजेडाकडे धावते. फवारा बसला की ज्या घरात दिवा असेल त्या घरावर सगळा जमाव जातो. एका माशीने डंख मारला की तिथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. त्यामुळे डंख बसला तर काटा नखाने खरवडून ताबडतोब काढायचा, तोंड झाकायचं आणि घरात पळायचं. हात झटकत उभं राहू नये.

रानकांदा

सिन्नरकडे कांद्याचं बी करतो. आत्ता गोंड्यांवर फूल आहे आणि माशी नाही. पेट्या भाड्याने आणून ठेवाव्या लागतात. आग्या माशी कित्येक किलोमीटर फिरते, तुमच्या बाल्कनीतली कुणाच्या तरी शेतावर जातच असेल. एवढं लक्षात ठेवून ठरवा.

जास्वंदी

पेटीवाला, अळ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. कालपासून तेच मनात आहे. सातवा मजला, मी तिसऱ्या मजल्यावरून बोलत होते, हे मान्य करते. तुमच्या मुलाचं मीटिंगमध्ये कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही काढायचं म्हणाल तर आता माझा विरोध नाही. फवारणीला मात्र आहे आणि राहील. धुरीवाल्यांचे जास्तीचे पैसे पडले तर ते मी भरते.

गच्चीकर

पैशांचा प्रश्न नाही. धुरीने माश्या उठून शेजारच्या विंगवर बसल्या तर काय करायचं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पेटीवाला

बसू शकतात. एक-दोन दिवस कठड्यावर नाहीतर झाडावर घोस दिसेल. तेवढे दिवस दोन्ही विंगांनी त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायच्या आणि मुलांना खाली सोडायचं नाही. शेजारी बसणारच नाहीत अशी हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

सातवा मजला

काल काम झालं. मुलाला दोन दिवस मावशीकडे ठेवलंय.

उजेड संपता संपता दोघे जण जाळीचे टोप आणि पांढरे अंगरखे घालून आले. गोवरी आणि कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला. दोन्ही विंगांचे दिवे बंद होते. आवाज आधी वाढला, अंगावर काटा येईल इतका, मग सगळा पडदाच स्लॅबवरून सुटला आणि पोळं उघडं पडलं. मी काचेआडून बघत होते. इतके महिने मी ते काळं समजत होते, ते पिवळंधमक निघालं. मधाचा भाग एका बादलीत गेला. दुसऱ्या बादलीत खालचा भाग. तो मी मुद्दाम पाहिला. भाताच्या शितांसारख्या पांढऱ्या अळ्या होत्या, हलत होत्या. मला त्या दिवसाचा निर्णय पुन्हा घ्यावा लागला तर मी हाच घेईन. पण ते बघून मला जेवण गेलं नाही, हेही खरं.

आज सकाळी समोरच्या शिरीषाच्या झाडावर घोस आहे. पार्किंगमध्ये मोजून अकरा माश्या मेलेल्या होत्या.

जास्वंदीताई आल्या होत्या. घोस उठला की दोघी मिळून मेणाचा डाग काढणार आहोत. मागच्या वर्षी तो तसाच राहिला आणि त्याच्या वासावर नव्या माश्या आल्या, असं पेटीवाल्यांचं म्हणणं पडलं. पत्र्याच्या उलथन्याने खरवडून, गरम पाण्याने घासून वर रंग द्यायचा. आणि सप्टेंबरमध्ये, मोहोळ यायच्या आधी, स्लॅबखाली ताणून जाळी. सहाव्या आणि आठव्या मजल्यांनाही विचारलंय. आठवा तयार आहे, सहाव्याचं उत्तर अजून आलं नाही.