मदत हवी आहे: पीआरचं (जनसंपर्काचं) काम मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी नौपाड्यात राहते, पीआरमध्ये ९ वर्षं झाली. आमचा एक क्लायंट अजूनही बातम्यांची कात्रणं सेंटिमीटरमध्ये मोजून जाहिरातीच्या दराने त्यांची किंमत काढायला लावतो. काल रात्री अकरापर्यंत पट्टी घेऊन तेच करत होते. पीआरचं काम कसं मोजावं यासाठी या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१० मध्ये ठरवलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी ही पद्धत नाकारली आहे आणि मलाही ते मनापासून पटतं. जागा किती मिळाली यापेक्षा वाचणाऱ्याचं मत बदललं का, हे महत्त्वाचं. पण ते दाखवायचं कसं? सर्व्हे, गूगलवरचा शोध, वेबसाइटवर येणारी माणसं, तुम्ही नक्की काय धरता? मराठी दैनिकांच्या छापील बातम्याही त्यात बसवायच्या आहेत. ठाणे-नवी मुंबईत शनिवार-रविवारी हे शिकवणारं कुणी आहे का? १५ तारखेला क्लायंटसमोर बसायचंय.