मदत हवी आहे: शार्निट्झ ते कार्वेंडेलहाउस, साध्या हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक) जमेल का?

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकला राहतो. जुलैअखेर ऑस्ट्रियातल्या कार्वेंडेल नेचर पार्कमध्ये माउंटन बाइक न्यायचा बेत आहे. पायथ्याच्या शार्निट्झ गावापर्यंत रेल्वे आहे, सायकलही चढवता येते. अडलंय ते पुढे.

शार्निट्झ ९६४ मीटरवर, कार्वेंडेलहाउस (वरचं डोंगरी विश्रामगृह) १७७० च्या आसपास. अंतर साधारण १८ किलोमीटर, बहुतेक खडीचा रस्ता. ताम्हिणी आणि वरंध चढलोय, पण ते डांबरी घाट आणि तेव्हा वय तिशीचं! खडीवर मागचं चाक घसरायला लागलं की किती दम निघतो, काही अंदाज नाही. बायको म्हणते, ई-बाइक भाड्याने घे. मन अजून तयार होत नाहीये.

दुसरं म्हणजे, वरून त्याच वाटेने परत यावं, की खिंड ओलांडून क्लाइनर आहोर्नबोडेनची जुनी मेपलची झाडं बघत हिंटररिस गावात उतरावं? तिथून लेंगग्रीस स्टेशन गाठेपर्यंत पायांत काही उरतं का? उतारावर ब्रेक फार तापतात का?

ऑस्ट्रियात जंगलातल्या रस्त्यांवर सायकल फक्त परवानगी असलेल्या मार्गांवरच चालते, तेव्हा पायवाटेचे शॉर्टकट कृपया सुचवू नका.

नाहीच जमलं तर हिंटरआउटाल खोऱ्यातून इझारच्या उगमापर्यंत जाईन. रोज घराजवळून वाहताना दिसते ती नदी, निदान तिचं माहेर तरी बघून होईल. सहा वर्षांच्या लेकीला मागे ट्रेलरमध्ये बसवून तो रस्ता कुणी केलाय का?