सत्य-शांतीच्या देवाचे पुजारी: तुमच्या खेळातले अनुभव सांगा

राम राम मंडळी. डन्जन्स अँड ड्रॅगन्स (एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवतात, असा खेळ) अमेरिकेत निघालं १९७४ साली. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात ते आलं मोबाईलवरून, तेही डेटा स्वस्त झाल्यावर. आता सोयाबीन घरात आलं की रात्री जेवणं आटोपून पोरं जमतात, कोणी फासे घेऊन, कोणी नुसता चार्जर घेऊन.

धागा काढायचं कारण म्हणजे राओ. या खेळाच्या जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्स, त्याच्या ग्रेहॉक नावाच्या काल्पनिक दुनियेतला हा देव शांतीचा आणि विवेकाचा. त्याचं चिन्ह पांढरं हृदय, नाहीतर शांत चेहऱ्याचा मुखवटा. वेलुना नावाच्या राज्यात त्याच्या धर्मगुरूंकडेच गादी आहे. त्याची शिकवण थोडक्यात अशी, की माणसं विवेकानं वागली तर बोलतील, बोलली तर भांडण निवेल, आणि मग मन ठिकाणावर येईल. सत्य त्याच्या नावावर आम्ही आमच्या खेळात चढवलं, कारण खोटं बोलून मिटवलेलं भांडण पुढच्या पेरणीला परत उगवतं.

पण दोन्ही एकाच पुजाऱ्याच्या गळ्यात बांधलं की खरी मजा सुरू होते. राओ, न्यायाचा देव टिर, शांतीची देवी एल्डाथ, किंवा स्वतः घडवलेला असा कुठलाही देव खेळला असाल तर लिहा. नियम पाठ म्हणून दाखवू नका, काय घडलं ते सांगा.

आर्वीकर

माझा राओचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, तिसऱ्या लेव्हलला गेला आणि 'झोन ऑफ ट्रुथ' हा खोटं बोलू न देणारा स्पेल (मंत्र) हाती आला. म्हटलं, आता गावोगावची भांडणं चुटकीसरशी मिटवतो. आमच्या डीएमच्या (गोष्ट चालवणाऱ्याच्या) घरी धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद जुना, त्यानं खेळात तोच आणून टाकला. दोन भाऊ, दोन वावरं, मधे धुरा आणि धुऱ्यावर दगड. थोरला म्हणे, यानं दगड माझ्याकडे दोन हात सरकवला. धाकटा म्हणे, बापाच्या वेळेपासून दगड तिथंच आहे.

दोघांना पारावर बसवून स्पेल टाकला. १५ फुटांच्या त्रिज्येत जो असेल त्यानं सेव्ह मारायचा, म्हणजे फासा टाकून स्पेलमधून निसटायला बघायचं. सेव्ह हुकला तर १० मिनिटं त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि कोण सापडला, कोण निसटला हे टाकणाऱ्याला कळतं. दोघंही सापडले. दोघांनीही आधीचंच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

सतरंजीवर सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. दोघंही खरंच बोलत होते ना! आपापल्या समजुतीप्रमाणे. स्पेलला खोटारडा सापडतो, गैरसमज सापडत नाही. दगड कोणी हलवला हे त्या १५ फुटांत बसलेल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग मी दगडाचा विषयच सोडला. थोरल्याला विचारलं, "दगड मागं गेला तर तुला काय करायचंय?" तो म्हणाला, "काही नाही, बैलगाडी वळवायला जागा पाहिजे." धाकट्याला विचारलं, "मग देत का नाहीस?" तो म्हणाला, "आज गाडी वळवील, उद्या विहिरीवर हक्क सांगील." ही दोन वाक्यं ते एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. मिनिटं संपायच्या आत थोरल्याकडून वदवून घेतलं, की विहिरीवर त्याचा डोळा नाही. त्या घटकेला तो खोटं बोलूच शकत नव्हता, म्हणून धाकट्यानं मानलं. पांदण दोघांच्या वावरातून निघाली. दगड एका मेंढपाळानं पाणी तुंबतं म्हणून सरकवला होता, हे फार नंतर कळलं. तोवर कोणाला त्याचं पडलं नव्हतं.

दिग्रसवाला

राजेहो, तुमचं बरं हाय. मले शांतीवाला पुजारी जबरदस्तीनं देल्ला, काऊन की तो कोणालेच नोको होता. म्या म्हटलं, लढाईत हा करन काय, सतरंज्या उचलन? मंग कोणीतरी 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मधला पीस डोमेन, म्हंजे पुजाऱ्याची शांतीवाली शाखा, दाखवला, २०२० चं पुस्तक हाय ते. पहिल्याच लेव्हलले आपल्या गड्यायले एकमेकासंग बांधता येते. ३० फुटाच्या आत दुसरा बांधलेला गडी असला की टर्नमधी एकदा डी-फोर, म्हंजे चार बाजूचा फासा, जादा.

आता आमचे फायटर, म्हंजे लढणारे गडी, कसे, तं जनमात एका जागी उभे नाही राह्यले. एक इकडं पये, एक तिकडं पये. त्या एका फाशापायी लेकाचे खांद्याले खांदा लावून लढाले लागले. उपदेश करू करू जे जमलं नाही, ते लालचीनं जमलं.

(धागाकर्ता: हे राओला आवडलं असतं की नाही ठाऊक नाही. मला आवडलं.)

मोर्शीकडची मास्तरीण

मी माध्यमिक शाळेत शिकवते. सुटीत संत्र्याच्या बागेत सावलीला बसून आठवीच्या मुलांबरोबर खेळते. पुस्तक नाही, फासे नाहीत. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून हलवायच्या आणि एक काढायची. देव मुलांनीच केला. त्याचं नाव सांगत नाही, कारण ते दर वेळी बदलतं. पण त्याच्या पुजाऱ्यांचा नियम पक्का आहे: खोटं बोलायचं नाही, मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायलाच पाहिजे असंही नाही.

एकदा भाकरी चोरलेलं पोर देवळात लपलं आणि मागोमाग राजाचा शिपाई आला. पुजारीण झालेली मुलगी एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

"चोर इथं आला का?"

"आधी पाणी प्या."

"आला का नाही ते सांगा!"

"ऊन केवढं आहे, डोक्याला दुपट्टा तरी बांधा."

"बाई, मी काय विचारतोय?"

"विचारताय खरं, पण त्याला पकडून राजाची भाकर परत येणार आहे का, ते सांगा."

पोरं चिडली, ही चिटिंग आहे म्हणाली. तिनं शांतपणे विचारलं, "मी खोटं काय बोलले?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. शिपायाला दुपट्टा मात्र तिनं खरोखर बांधून दिला, स्वतःचा.

देवळाचा कारभार त्यांनी तंटामुक्त समितीसारखा लावलाय. ती मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली तेव्हा यातलं कोणी जन्मलंही नव्हतं, पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फलक सगळ्यांनी वाचलेला. त्यामुळे पुजाऱ्यांत अध्यक्ष आहे, सदस्य आहेत, आणि दोन्ही बाजूंनी एकाच सतरंजीवर बसून एकाच किटलीतला चहा प्यायचा असा दंडक आहे. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आमच्यापासून फार लांब नाही, म्हणून संध्याकाळची प्रार्थनाही सामुदायिक.

एका आजोबांनी हरकत घेतली, पोरांना खोट्या देवाच्या नादी लावता का म्हणून. त्यांना देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याचं काम दिलं. आता ते आमच्या आधी बागेत येऊन बसतात आणि निकाल द्यायला कोणालाच मधे येऊ देत नाहीत. ही डोकेदुखी वेगळीच!

ब्रह्मपुरीहून

मी झाडीपट्टीचा नट. दिवाळीनंतर आमचा नाटकांचा हंगाम, रात्री पडदा उघडला की पहाटेपर्यंत खेळ. धानाची रोवणी झाली की थोडी उसंत मिळते, तेव्हा हा दुसरा खेळ. मी वेलुनाच्या गादीवरचा धर्मगुरू, कॅनन हेझन केला होता. त्यासाठी पुठ्ठ्याचा मुखवटा कापला, वर चुन्याचा हात दिला. डोळ्यांची भोकं इतकी बारीक झाली की मोबाईलवरचं कॅरेक्टर शीटच दिसेना, शेजारच्यानं वाचून दाखवलं.

पण मुखवट्यानं काम केलं. स्टेजवर खलनायक होतो तेव्हा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागतो. इथं उलट. चेहरा हलत नाही, म्हणून आवाज खाली आणला, तर समोरचे ऐकायला पुढं सरकले आणि त्यांचेही आवाज उतरले. मुखवटा काढला की पुन्हा कलकलाट.

आमचं वाजलं ते क्रूक ऑफ राओवरून, म्हणजे राओच्या जादूच्या दंडावरून. ग्रेहॉकच्या इतिहासात ५८६ साली हेझननं हाच दंड वापरून सैतानांना हाकलून लावलं. आमच्या पार्टीनं (खेळातल्या टोळीनं) मात्र आधीच एका सैतानाशी तह केला होता, आणि तो गडी शब्दाला जागत होता. दंड चालवला तर तोही जाणार. मी चालवला. एक पोरगी उठून म्हणाली, "काठी उगारून ज्याला घालवलं त्याला शांती काय म्हणता, ही तर हकालपट्टी!" आणि घरी गेली. मी आजही म्हणतो, लाखो माणसं वाचली. तीही आजही तेच म्हणते जे तेव्हा म्हणाली.

वणीचा डीएम

नवीन डीएमसाठी: सत्यवाला क्लेरिक आला म्हणून रहस्यकथा बंद करू नका. स्पेल लागलाय हे समोरच्याला कळतं, आणि तो उत्तर टाळू शकतो. माझ्या खेळात धान्याच्या कोठीचा चोर खर्रा घोटत बसला होता.

"कोठी कोणी फोडली?"

"मी तं गोठ्यात होतो जी."

"रात्रभर?"

"गाय व्याली होती जी, पहाटे. कालवड झाली."

गाय खरी, कालवडही खरी. टिरचा पुजारी कालवडीचं अभिनंदन करून निघून गेला. रात्रभर होता का, याचं उत्तर आलंच नाही, हे पूर्ण पार्टीत कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अहेरीकडची

माझी अडचण ताजी आहे. मी आमच्याच बनवलेल्या सत्य-शांतीच्या देवाची पुजारीण. नदीच्या दोन काठांवर दोन गावं, आधीच तीरकमठे काढून बसलेली. अलीकडच्या मुखियाचा पोरगा शिकारीत पलीकडच्या माणसाच्या बाणानं गेला. बाण डुकरावर सोडला होता, हे मी स्वतः पाहिलं. मुखियानं भर सभेत मला विचारलं, "कोणी मारलं?" मोर्शीच्या बाईंच्या पुजारणीसारखं टाळायची सोय नव्हती, कारण मी गप्प बसले असते तरी त्याला उत्तर मिळालंच असतं. मी म्हणाले, "नदीनं नेला."

लढाई टळली. डीएमनं माझे सगळे स्पेल काढून घेतले. पुस्तकात अशी शिक्षा लिहिलेली नाही, हे मी त्याला दाखवलं. तो म्हणतो, देव तुम्हीच बनवला आणि त्यात सत्य आधी लिहिलं. मी म्हणते, लिहिताना शाई तुझ्या हातात होती. शेवटी ठरलं, की देवाच्या दरबारात अपील चालवायचं आणि देव म्हणून आमच्या खेळाबाहेरचा कोणीतरी बसवायचा.

आर्वीकर, तुम्ही बसाल का? शुक्रवारी रात्री, जेवणं झाल्यावर. मधेच माझा आवाज गेला तर सुनावणी थांबवा, मी टेकडीवर चढून रेंज पकडते आणि परत येते.