विश्व प्रसरण पावत असेल, तर देवयानी आपल्याकडे कशी येते?

निशाचर:
गेल्या अमावास्येला गावच्या गच्चीवरून द्विनेत्रीने देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, पाहिली. पिंजलेल्या कापसासारखा फिकट पुंजका होता, आणि तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला आहे हे आठवून मी बराच वेळ खाली उतरलो नाही. विश्व प्रसरण पावते आहे, मग देवयानी जवळ येत आहे असे का म्हणतात? अवकाशच ताणले जात असेल, तर आपणही ताणले जात नाही का?

ध्रुवमत्स्य:
देवयानीचा वेग प्रथम १९१२ साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ स्लायफर यांनी मोजला, आणि ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जवळ येत असल्याचे आढळले. यातील बराच भाग आकाशगंगेच्या केंद्राभोवती सूर्याच्या स्वतःच्या भ्रमणाचा आहे. तो वजा केल्यावर सुमारे ११० उरतो. पुढे त्यांनी तपासलेल्या बहुतेक दीर्घिका मात्र दूर जाताना दिसल्या, आणि १९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी अंतर जितके जास्त तितका दूर जाण्याचा वेगही जास्त, हे दाखवले.

गणितशिक्षिका:
वर्गात मी इलॅस्टिकच्या पट्टीवर एकेक सेंटिमीटरवर बटणे टाचते. पट्टी दुप्पट ताणली की शेजारचे बटण एक सेंटिमीटर दूर जाते, पाचवे मात्र पाच. कोणत्याही बटणापासून मोजले तरी हेच दिसते, म्हणून प्रसरणाला मध्यबिंदू नाही. शाईचे ठिपके काढले तर तेही ताणले जातात, म्हणून बटणेच हवीत, कारण बटण स्वतः घट्ट असते, ताणले जात नाही. अणूंना विद्युतबल आणि सूर्यमालेला व दीर्घिकांना गुरुत्वाकर्षण असेच बांधून ठेवते. सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे प्रसरणाचा वेग सेकंदाला साधारण ७० किलोमीटर भरतो. आकाशगंगा आणि देवयानी यांच्यातील ओढ त्यावर मात करते.

निशाचर:
बटणांमुळे उलगडा झाला. मग शेवटी सगळ्याच दीर्घिका एकत्र येतील का?

ध्रुवमत्स्य:
नाही. दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून १९९८ मध्ये असे दिसले की प्रसरणाचा वेग वाढतो आहे. त्याचे कारण म्हणून जिला कृष्ण ऊर्जा म्हणतात, तिचे स्वरूप अजून उलगडलेले नाही. ती अशीच टिकली, तर हजारो कोटी वर्षांनी आपल्या स्थानिक गटाबाहेरील (आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्या शेजारच्या लहान दीर्घिका सोडून इतर) दीर्घिकांचा नवा प्रकाश इथवर पोहोचणारच नाही, आणि त्या काळच्या निरीक्षकाला या गटातील दीर्घिका एकत्र येऊन झालेली एकच विलीन दीर्घिका व भोवती काळोख दिसेल. स्लायफर यांनी जे मोजले, ते मोजायला त्याच्यापाशी दुसरी दीर्घिकाच उरलेली नसेल, याचे मला फार वाईट वाटते.