रि: रि: रि: फोन आत्ता घ्यावा की थांबावं?

प्रेषक: ताई, एडिसन
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

नमस्कार न्यू जर्सीकर मंडळी,

परवावर गणपती आलेत आणि हिला फोन सुचतोय, असं म्हणाल. ज्यांच्याकडे मोदकांची जबाबदारी आहे त्यांनी हे पत्र न वाचता पुढे जावं.

माझा आयफोन एक्सआर, २०१८ सालचा, ६४ जीबी. त्यात निम्मे हळदीकुंकवाचे व्हिडिओ आणि निम्मे सुप्रभातचे गुलाब. बॅटरीची तब्येत ७४ टक्के दाखवतोय, म्हणजे दुपारच्या चहाला चार्जर शोधत फिरायचं. त्यात ॲपलने जूनमध्ये सांगून टाकलं की आयओएस २६, म्हणजे फोनची नवी प्रणाली, एक्सआरवर येणार नाही, आयफोन ११ आणि पुढच्यांनाच मिळणार. लेबर डेचे सेल लागलेत, तेव्हा आयफोन १६ घेऊन टाकावा असं माझं मत. आमचे हे म्हणतात, थांब, सप्टेंबरात नवा येतोय. हे आमच्याकडे तीन वर्षं चाललंय. ऑगस्टमध्ये "आता महिनाच राहिला", ऑक्टोबरात "थँक्सगिव्हिंगला स्वस्त होईल", आणि जानेवारी उजाडली की "एवढं थांबलीस, आता काय!"

दिवाळीला ठाण्याला जायचंय. त्याआधी काय ते ठरवायचं आहे. अनुभवी लोकांनी सांगा.

ता. क. शनिवारी आरतीचं शूटिंग माझ्याच गळ्यात मारलंय, याच फोनवर.

---

प्रेषक: जर्सी सिटीचा धाकटा
मंगळवार, २६ ऑगस्ट

ताई, आजच ॲपलचं आमंत्रण आलं. नव्या फोनचा कार्यक्रम ९ सप्टेंबरला आहे. दोन आठवड्यांसाठी आत्ता १६ घेऊ नका. नवा आला की ॲपल मागच्या वर्षीच्या मॉडेलचे १०० डॉलर उतरवते. गेल्या वर्षी १६ आला तेव्हा १५ हा ७९९ वरून ६९९ वर आला. तुम्हाला नवा नको असला तरी थांबण्याचे १०० डॉलर मिळतात.

पण यापुढचं थांबणं मला पटत नाही. "पुढच्या वर्षी घडीचा येणार", "त्याच्या पुढच्या वर्षी काहीतरी जबरदस्त येणार", असल्या गोष्टींना ना तारीख ना किंमत. आयफोनमधली बोलकी मदतनीस, सिरीच घ्या. गेल्या वर्षी जूनमध्ये नवी, शहाणी सिरी दाखवली, आणि या मार्चमध्ये कंपनीनेच सांगितलं की अजून वेळ लागेल. तिच्या भरवशावर १६ घेतलेले लोक अजून वाटच बघतायत.

अँड्रॉइडला तयार असाल तर गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलंय. पण तुमचा अख्खा गोतावळा फेसटाइमवर आहे, तेव्हा मी गप्प बसतो.

---

प्रेषक: वहिनी, प्रिन्स्टन
मंगळवार, २६ ऑगस्ट

मी एप्रिलमध्ये टॅरिफच्या (आयात कराच्या) बातम्या ऐकून घाबरून फोन घेतला. दुकानाबाहेर रांग होती, मला वाटलं आता दोन हजारांवर जाणार. आठवडा झाला नाही तोच ११ एप्रिलला स्मार्टफोन त्या टॅरिफमधून वगळले. आमच्या घरी हा विषय काढायला आता बंदी आहे.

---

प्रेषक: काका, ब्रिजवॉटर
मंगळवार, २६ ऑगस्ट, रात्री

ताई,

फोन जुना झालेला नाही, बॅटरी जुनी झाली आहे. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

लिथियमची बॅटरी म्हातारी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडला किंवा थंडीत बाहेर काढला की एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज खाली बसतं आणि फोन बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर प्रोसेसरचा वेग कमी करतं, आणि आपण म्हणतो, "फोन स्लो झाला, नवा घेऊ." डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने हे मान्य केलं आणि पुढचं वर्षभर ७९ डॉलरची बॅटरी २९ ला बदलून दिली. मी त्या वर्षी घरातल्या तीन फोनच्या बदलून घेतल्या. असे आम्ही इतके निघालो की २ जानेवारी २०१९ ला टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला, आणि त्याच्या कारणांत स्वस्त बॅटऱ्यांचंही नाव घेतलं. आमच्या हिला ते वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "तुमच्या चिकटपणाची दखल अखेर वॉल स्ट्रीटने घेतली."

तुमच्या मॉडेलची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के उरावी अशा बेताने बनवलेली. सात वर्षांनी ७४ म्हणजे काही वाईट नाही. ॲपलकडे बदलायचे ८९ डॉलर.

आणि आयओएस २६ नाही म्हणजे उद्यापासून फोन उघडा पडला, असंही नाही. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेचा अपडेट आला होता.

---

प्रेषक: नाना, पार्सिपनी
बुधवार, २७ ऑगस्ट

सर्वांना गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा.

घरचे गणपती बसले, नैवेद्य झाला, आता निवांत लिहितो. तुम्ही सगळे चिप आणि बॅटरीवर बोलताय. आपल्यासारख्यांचा खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही: ताई, तुमचं भारतातलं सिम कुठे आहे?

माझी कथा ऐका. २०२२ च्या ऑक्टोबरात एका कंपनीकडून (नाव घेत नाही, नाहीतर त्यांचे लोक फोन करून प्लॅन विकतील) "फुकट" आयफोन १४ घेतला. डिसेंबरात मुंबईला उतरलो, पहाटे अडीच वाजता. भारताचं सिम मी हिंगाच्या रिकाम्या डबीत जपून नेतो. डबी काढली, टाचणी काढली आणि फोन चारी बाजूंनी फिरवून पाहिला. भोकच नाही! चष्मा लावून पाहिला. बायको म्हणाली, "उजेडात बघा." उजेडातही नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच भरलेलं सिम. मला दुकानात कोणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही.

शेवटी सिम बायकोच्या आयफोन ११ मध्ये गेलं. तीन आठवडे बँकेचा प्रत्येक ओटीपी तिच्याकडे यायचा. माझे पैसे काढायला मी तिची परवानगी मागत होतो. पुण्यात सिमवाल्या कंपनीच्या दुकानात सिमचं ई-सिम करून घ्यायला गेलो, तर कळलं फोन हप्त्यांवर आहे म्हणून लॉक्ड, दुसऱ्या कंपनीचं ई-सिम तो घेणारच नाही.

आता "फुकट"चा हिशोब. ७९९ भागिले ३६ म्हणजे महिन्याला २२ डॉलर १९ सेंट. बिलात ते आधी लावतात आणि खाली तेवढेच वजा करतात. हे ३६ महिने. मध्येच कंपनी सोडली की वजा करणं थांबतं, लावलेलं राहतं. मी चिडून चौदा हप्त्यांनंतर सोडली. उरलेले २२ एकदम अंगावर आले, ४८८ डॉलर. शिवाय ती ऑफर चालू राहावी म्हणून चौदा महिने महागडा प्लॅन भरला तो वेगळा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: १६ घ्या, १७ घ्या, पण अनलॉक्ड घ्या, आणि सिमची सोय आधी करा. २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अमेरिकेसह दहा देशांतल्या नंबरांवर यूपीआय चालू करायची परवानगी दिली, आपल्या परदेशस्थांच्या एनआरई-एनआरओ खात्यांवर. पण सगळ्या बँका ते देत नाहीत. माझ्या बँकेला अजून माझा पुण्याचा नंबरच लागतो.

---

प्रेषक: ताई, एडिसन
गुरुवार, २८ ऑगस्ट

नाना, तुमचं पत्र वाचून मी आधी फोनची कड चाचपली. आहे, भोक आहे! ठाण्याचं सिम ट्रेमध्येच आहे आणि इथला नंबर ई-सिमवर.

मग असं करू का: ठाण्याचं सिम आत्ताच, इथूनच ई-सिम करून टाकते? म्हणजे नवा फोन आला की दोन्ही त्यात.

---

प्रेषक: जर्सी सिटीचा धाकटा
गुरुवार, २८ ऑगस्ट

नको ताई! एक्सआरमध्ये एका वेळी एकच ई-सिम चालू राहतं. दोन ई-सिम एकदम चालायला १३ किंवा पुढचा लागतो. ठाण्याचं चालू केलंत की इथला नंबर बंद. आधी नवा फोन हातात येऊ द्या.

---

प्रेषक: नाना, पार्सिपनी
गुरुवार, २८ ऑगस्ट

आणि ते इथून करूच नका. परदेशातून एसएमएस पाठवा, मग त्यांच्या फोनला "होय" म्हणा, मग ईमेलवर क्यूआर कोड. त्यातली एक पायरी चुकली आणि जुनं सिम बंद पडलं, तर तुम्ही एडिसनमध्ये आणि आधार कार्ड ठाण्यात. तिथे गेल्यावर करा, समोर माणूस बसलेला असतो. सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक होऊ नये म्हणून. मी बदललं त्याच दुपारी एफडी मोडायला बसलो होतो. तुम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नका.

---

प्रेषक: चिटणीस
शुक्रवार, २९ ऑगस्ट

सदस्यांना नम्र विनंती. या ईमेल यादीवर उद्याच्या कार्यक्रमाबद्दल दोन पत्रं आली आणि सिम कार्डाबद्दल बारा. पार्किंगसाठी अजून दोन स्वयंसेवक हवे आहेत. ताई, तुमच्या फोनवर आरती पुरी रेकॉर्ड होईल का, एवढं फक्त कळवा.

---

प्रेषक: ताई, एडिसन
शुक्रवार, २९ ऑगस्ट

पॉवर बँक लावून होईल. "घालीन लोटांगण"पर्यंत तरी नक्की.

---

प्रेषक: ताई, एडिसन
बुधवार, १० सप्टेंबर

मंडळी, आरतीचा व्हिडिओ पाठवलाय. शेवटची चार मिनिटं नाहीत, जागा संपली.

कालचा ॲपलचा कार्यक्रम आम्ही दोघांनी बसून पाहिला. १७ ची किंमत तीच ७९९, पण सुरुवातच २५६ जीबीपासून. १६ आता ६९९ ला, १२८ जीबीचा. तीन वर्षांत पहिल्यांदा ह्यांचं थांबणं फळाला आलं. ते आज सकाळपासून घरात मिरवतायत, आणि मी त्यांना उरलेल्या दोन वर्षांची आठवण करून देत नाहीये.

मी १७ घेतेय, अनलॉक्ड. १०० डॉलरसाठी परत १२८ जीबीत कोंडून घ्यायचं नाही. एक्सआर मात्र एक्सचेंजला देणार नाही. काकांचं ऐकून ८९ ची बॅटरी घालणार आणि ठाण्याला सासूबाईंना देणार. त्यांना ट्रे असलेलाच लागतो, कारण त्यांचं सिम त्या कोणाला हात लावू देत नाहीत. व्हॉट्सॲपलाही अडचण नाही, या वर्षी बंद झालं ते आयओएस १५.१ न चालणाऱ्या जुन्यांवर, एक्सआर त्यात नाही.

आता नवीच पंचाईत. शुक्रवारी ऑर्डर घेतात, १९ ला फोन मिळतो. सासूबाईंनी फोनवर ऐकलं आणि म्हणाल्या, "पितृपक्षात नवी वस्तू?" सर्वपित्री २१ ला आहे. ऑर्डर पितृपक्षात आणि डिलिव्हरी मुद्दाम घटस्थापनेनंतर घेतली, तर चालतं का? गुरुजी याच यादीवर आहेत म्हणून विचारते.

---

प्रेषक: काका, ब्रिजवॉटर
बुधवार, १० सप्टेंबर

पैसे केव्हा कापले जातात त्यावर आहे. कार्डावरून पैसे फोन निघताना जातात. म्हणजे शास्त्रार्थ कुरियर कंपनीच्या हातात.

---

प्रेषक: वहिनी, प्रिन्स्टन
गुरुवार, ११ सप्टेंबर

एक महत्त्वाचं. माझा दीर दुबईत आहे, त्याच्याकडून ट्रेवाला मागवायचा बेत होता. तिथेही या वर्षी १७ ला ट्रे काढून टाकलाय, सौदी, कतार, ओमानलाही. कोणी आखातातल्या नातेवाइकांना सांगून ठेवलं असेल तर आधी विचारा.

---

प्रेषक: नाना, पार्सिपनी
गुरुवार, ११ सप्टेंबर

गुरुजी "रिप्लाय ऑल" करणार नाहीत, त्यांचा स्वतःचा फोन १९ ला येतोय. मला पार्किंगमध्ये भेटले तेव्हा म्हणाले.

ताई, तुम्ही ऑर्डर टाका आणि खोकं दसऱ्याला उघडा. २ ऑक्टोबर आहे, तुमच्या विमानाला तेव्हाही वेळ असेल.

---

प्रेषक: ताई, एडिसन
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल सोनं वाटून झाल्यावर खोकं उघडलं. खोक्याच्या मागे "असेम्बल्ड इन इंडिया" लिहिलंय. तिकडून इथे आला, आता पुढच्या आठवड्यात आमच्याबरोबर परत निघाला.

एक्सआरची बॅटरी १०० टक्के दाखवतेय आणि आता तो इतका छान चालतोय की हे म्हणाले, "मग हा नवा कशाला घेतला?" उत्तर दिलेलं नाही.

सिम काढायची टाचणी कोणाकडे आहे का? नव्या खोक्यात नाही, ट्रेच नाही तर देतील कशाला. सासूबाईंचं सिम एक्सआरमध्ये घालताना लागेल.

---

प्रेषक: नाना, पार्सिपनी
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

माझ्याकडे आहे, हिंगाच्या डबीत. रविवारी देवळात आणतो. वास येईल.