गुरांच्या कानातल्या बिल्ल्याचा खर्च नक्की कोणाच्या खिशातून जातोय?

मुरबाडचा शेतकरी
1 जून 2024 पासून आपल्या राज्यात बिल्ला नसलेलं जनावर बाजारात विकता येत नाही, टेम्पोत घालून नेता येत नाही, सरकारी मदत पण नाही. बिल्ला फुकट मारतात हे मान्य, पण फुकट म्हणजे आपल्याच टॅक्सचे पैसे ना. आणि बिल्ला मारायला वेळ लागतच नाही हो, खरं काम त्यानंतर, 12 आकडी नंबर भारत पशुधन या सरकारी ॲपवर चढवा, मालकाचं नाव, मोबाईल, जात, वय, लस, आणि जनावर विकलं की परत मालक बदला. हे सगळं गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाच्याच गळ्यात. इकडे गाय अडलेली आणि डॉक्टर मोबाईल वर धरून रेंज शोधतायत हे मी डोळ्यांनी बघितलंय. हे वाया गेलेले तास कुठल्या हिशोबात धरले?

कल्याण तबेला
दादा, 2022 ची लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाची साथ, विसरलात का? गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. आमच्याकडे म्हशी हरियाणा गुजरातहून येतात, कुठलं जनावर कुठून आलं हे कळलं नाही तर एका गावातल्या रोगासाठी अख्खा जिल्हा बंद ठेवावा लागतो, त्याचा खर्च पण मांडा की. तेव्हा मेलेल्या दुभत्या गायीला 30,000 आणि बैलाला 25,000 भरपाई होती, नोंद नसेल तर कोण कोणाच्या नावाने पैसे उचलेल काही सांगता येत नाही.

नेरूळकर
खर्च वाढला तरी रोग थांबणार असेल तर माझी हरकत नाही. पण अमेरिकेत 2003 च्या शेवटी मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाची केस सापडली, मग सगळ्या जनावरांच्या नोंदणीची योजना काढली, करोडो डॉलर घातले आणि शेतकऱ्यांच्या विरोधामुळे 2010 मध्ये गुंडाळली. शेतकरी सोबत नसेल तर पैसा असाच जातो.

कल्याण तबेला
ती ऐच्छिक होती, इथे सक्ती आहे. आणि आपल्याकडे बिल्ला लसीकरणाशी जोडलाय, 2019 ला लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या गुरांच्या संसर्गजन्य रोगांसाठी 5 वर्षांचे 13,343 कोटी मंजूर झाले, लस कोणाला दिली ते नंबराशिवाय कसं कळणार?

मुरबाडचा शेतकरी
नंबर नको असं मी म्हणतच नाहीये. झुडपात अडकून कान फाटतो, बिल्ला पडतो, मग नवीन नंबर जुन्याला जोडायला परत दवाखान्यात चकरा, मजुरी बुडते ती वेगळीच. नोंदीला वेगळा माणूस द्या, डॉक्टर उपचाराला मोकळा ठेवा. त्याचे पैसे मोठ्या डेअऱ्या आणि व्यापारी यांच्याकडून घ्या, रोग पसरला नाही तर सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच.

शहापूरची ताई
वेगळा माणूस द्याच, शंभर टक्के पटलं. पण डेअरीवर टाकू नका, माझ्या दोन गायी आहेत, डेअरीवाला लिटरमागे दर कापून ते पैसे माझ्याकडूनच काढेल.